फॉल्ट वरच्या बाजूला होता

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं इतिवृत्त आणि जमाखर्च गेली काही वर्षं मी लिब्रेऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. संगणकासाठी संघाचं बजेट शून्य रुपये आहे आणि लिब्रेऑफिस त्या बजेटमध्ये बसतं, एवढंच कारण. २०२४ च्या जूनमध्ये माझा पुण्यातला पुतण्या ओंकार त्याचा जुना थिंकपॅड लॅपटॉप मला देऊन गेला. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, दोन कोअरचा आय-फाइव्ह आणि वीस मिनिटांत मान टाकणारी बॅटरी. "काका, उबुंटू टाकून दिलंय. खेळा आता." (उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली.) मी सहज विचारलं, हे लिब्रेऑफिस फुकट आहे ते ठीक, पण आतून उघडून बघता येतं का? तो म्हणाला, "येतं की. कोड सगळा खुला आहे. स्वतः बिल्ड मारा, जमलं तर एखादा पॅच पाठवा." बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बांधणं आणि पॅच म्हणजे त्या कोडात सुचवलेला बदल, एवढं समजावून तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला.

"स्वतः बिल्ड मारा" हे तीन शब्द पुढे माझे बरेच दिवस खाणार होते, हे त्यानं सांगितलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. तो जावा या संगणकभाषेत काम करतो.

माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी टेलिफोन खात्यातला माणूस. उमेदीचा काळ एक्स्चेंजमध्ये गेला. पुढे खात्याची कंपनी झाली आणि ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन हजारो लोक एकदम बाहेर पडले, त्यांत मीही होतो. सी भाषा नव्वदच्या दशकात सांगलीत रात्रीच्या क्लासला शिकलो होतो, कारण सी-डॉट या सरकारी संस्थेच्या ग्रामीण एक्स्चेंजमध्ये काय चालतं ते समजून घ्यायची खाज होती. ते एक्स्चेंज १२८ पोर्टचं असायचं आणि एसीशिवाय चालायचं. सी तेव्हा शिकलो ती शिकलोच, सी प्लस प्लसच्या वाटेला कधी गेलो नाही.

लिब्रेऑफिसचा वंश आधी वाचून काढला. जर्मनीत १९८५ साली स्टार डिव्हिजन नावाची कंपनी निघाली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं, २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस म्हणून खुला झाला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मंडळी वेगळी होऊन लिब्रेऑफिस उभं राहिलं. हे वाचायचा उपयोग नंतर झाला. कोडमधल्या फोल्डरांची नावं बघून माणूस गोंधळतो, रायटर (मजकूर लिहायचा भाग) ज्यात आहे त्याचं नाव 'एसडब्ल्यू', कॅल्क (हिशेबाचा) 'एससी', इम्प्रेस (स्लाइडचा) 'एसडी'. हे स्टाररायटर, स्टारकॅल्क, स्टारड्रॉ. वाडा विकला गेला, मालक बदलले, पण खोल्यांना अजून जुन्या मालकाच्या सुनांचीच नावं.

पहिलं काम कोड उतरवून घेणं. गिट या कोड सांभाळणाऱ्या प्रोग्रामला 'क्लोन', म्हणजे सगळ्याची प्रत दे, म्हणायचं आणि थांबायचं. माझ्याकडे थांबायची तयारी होती, नेट नव्हतं. आमच्या गल्लीत रस्त्याचं काम करताना कुणीतरी फायबर तोडली होती आणि ती जोडायला कुणी येत नव्हतं. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या केबली जोडल्या त्याच्या घरी केबल नाही, यावर हिनं दिवसातून दोनदा विनोद केला. मग मोबाइलचा हॉटस्पॉट. बाहेर पाऊस असा, की शेजारीपाजारी दर तासाला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारत होते. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आकडे कृष्णाकाठच्या पोरालाही पाठ असतात. त्या हवेत हॉटस्पॉट टिकणार किती?

पहिल्यांदा एकसष्ट टक्क्यांवर तुटलं. मी पुन्हा तीच आज्ञा दिली. वाटलं, उरलेलं घेईल. घेत नाही. गिट क्लोन मध्येच तुटलं की सगळं टाकून देतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. दुसऱ्यांदा चाळीसवर. तिसऱ्यांदा ब्याऐंशीवर तुटलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून देवळात जाऊन बसलो. आजवरच्या सगळ्या बदलांच्या इतिहासासकट ते कोडचं कोठार दोन जीबीच्या वर जातं, आणि माझा दिवसाचा मोबाइल डेटाही जवळपास तेवढाच.

उपाय दुसऱ्या दिवशी सापडला. इतिहास नकोच म्हणायचं. 'डेप्थ एक' असं सांगितलं की गिट फक्त आजचा कोड देतं, मागची तेवीस-चोवीस वर्षं मागे ठेवतं. ते एका दमात उतरलं. इतिहास पुढे फायबर जुळल्यावर 'अनशॅलो' करून मागवला. ओंकारला सांगितलं तर म्हणाला, "हे मला सुचलं नसतं, ऑफिसात नेट असतं ना." खरंय. या विषयावरचं बरंचसं मार्गदर्शन नेट असलेल्या माणसांनी लिहिलेलं असतं.

मग बांधणीला लागणारी पॅकेजेस. लिब्रेऑफिसच्या विकीवर एक सोपी ओळ दिली आहे, ॲप्टला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजेस आणून देणाऱ्या गड्याला, सांगायचं की 'बिल्ड-डेप लिब्रेऑफिस', म्हणजे हे बांधायला जे जे लागतं ते सगळं आण. मी सांगितलं. उत्तर आलं की तुमच्या यादीत सोर्सचे पत्तेच नाहीत. उबुंटू २२.०४ च्या त्या यादीत 'डेब-एसआरसी' नं सुरू होणाऱ्या ओळी असतात, पण पुढे हॅश (#) लावून झोपवून ठेवलेल्या. तो हॅश काढला, यादी ताजी केली, पुन्हा ओळ दिली आणि पॅकेजांची रांग लागली. पाव तासाचं काम, पण ते शोधायला दुपार गेली. मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. मला वाटलं लिब्रेऑफिसचं काहीतरी बिघडलंय, आणि होता तो उबुंटूचा जुना सावधपणा.

टेलिफोनमध्ये याला आम्ही सेक्शनलाइज करणं म्हणायचो. १९८ ला तक्रार यायची, फोन बंद. फोन ग्राहकाच्या घरात बंद असतो म्हणून नवा लाइनमन थेट घरी पळायचा. जुना माणूस आधी एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारांच्या मुख्य चौकटीवर, टेस्ट घ्यायचा, एक्स्चेंजमधून डायल टोन निघतोय का. मग रस्त्यावरच्या पिलरवर. मग डीपी या तारा वाटणाऱ्या डब्यावर. खांबावर चढायची पाळी शेवटी. तक्रार येते ती टोकाकडून, आणि दोष असतो वर कुठेतरी. हे मला तीस वर्षं माहीत होतं, आणि तरी मी खांबावर चढत होतो.

पुढची पायरी ऑटोजेन. ही स्क्रिप्ट घरभर हिंडून काय आहे, काय नाही ते बघते. शेकडो ओळी सुर्रकन गेल्या, 'चेकिंग' अमुक, 'येस', 'चेकिंग' तमुक, 'येस', आणि मग थांबली. तुमचा जीसीसी (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर) अकरा आहे, किमान बारा हवा. उबुंटू २२.०४ बरोबर जीसीसी अकरा येतो. बारा नंबर त्याच्याच कोठारात असतो पण मागावा लागतो. मागवला. ऑटोजेननं पुन्हा अकराच दिसतो म्हणून सांगितलं. नवा आला म्हणून जुना खुर्चीवरून उठत नाही! मग ऑटोजेन डॉट इनपुट नावाच्या फाइलीत लिहायचं, सी साठी हा घे, सी प्लस प्लस साठी हा घे. ही फाइल फार सोयीची आहे. आपल्या सगळ्या अटी तिच्यात एकेका ओळीवर लिहून ठेवायच्या, दरवेळी टाइप करायला नकोत. माझ्या अटी अशा: जावा नको, मदतीची पानं नकोत, कोडवरून माहितीची पानं बनवणारं डॉक्सिजन नको, आणि 'डीबीजीयूटिल' हवं. ही शेवटची अट म्हणजे विकसकांसाठीचा अवतार, आतमध्ये जागोजागी जादा तपासण्या असलेला. विकीवर शिफारस होती म्हणून लिहिली. तिची किंमत पुढे कळली.

बांधणी चालवणाऱ्या 'मेक' या प्रोग्रामला 'फेच' सांगून बाहेरच्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, आणल्या. बूस्ट, आयसीयू, पीडीएफियम, स्किया, इतकंच काय पोस्टग्रेस नावाचा डेटाबेससुद्धा. चिठ्ठी लिहायच्या प्रोग्रामला पोस्टग्रेस कशाला, असं मनात आलं, मग आठवलं की यात बेस नावाचा डेटाबेसवाला भाऊही आहे.

एका शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता 'मेक' म्हटलं.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल. पहिला तासभर मी नुसता बघत बसलो. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला रिले खटखटताना ऐकत बसायचो, तसं. ही म्हणाली, "हे काय बघता?" म्हटलं, "पाणी भरतंय." साडेनऊला पंखा असा ओरडायला लागला की तिनं लॅपटॉपखाली पोळपाट ठेवला. साडेदहाच्या सुमारास माउस थिजला, मग घड्याळ थिजलं, आणि दहा मिनिटांनी शुद्धीवर येऊन यंत्रानं जाहीर केलं: एरर दोन.

'एरर दोन' ही शेवटची ओळ. मी ती जशीच्या तशी उचलून शोधली. जगात ज्याचं ज्याचं म्हणून मेक अडलंय त्या सगळ्यांना एरर दोन आलेला असतो. तक्रार पुस्तकात 'फोन बंद' लिहावं तितकाच त्याचा अर्थ. शनिवारचा सगळा दिवस मी परक्यांच्या एरर दोनमध्ये हिंडण्यात घालवला. कुणाचं काय, कुणाचं काय. एकानं सुचवलं म्हणून एक पॅकेज काढलं, दुसऱ्यानं सुचवलं म्हणून परत घातलं.

रविवारी सकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला. मेक एका वेळी चार फाइली घेऊन बसलं होतं. एक मेली तरी उरलेल्या तिघी आपापलं काम पुरं करतात, त्यांच्या ओळी छापतात, आणि मग मेक मान टाकतं. म्हणजे खरा मृत्यू शेवटच्या ओळीत नाही, वर कुठेतरी गाडला गेलाय. वर सरकत गेलो. पंधरावीस ओळींवर ती सापडली: 'किल्ड', सीसीवनप्लस नावाची प्रक्रिया मारली गेली. मारली कुणी? कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदवहीत कबुलीजबाब होता. मेमरी संपली होती, म्हणून त्यानं सगळ्यांत खादाड प्रक्रियेचा गळा धरला.

तेव्हापासून मेकचं सगळं बोलणं एका लॉग फाइलमध्ये साठवायचं आणि 'एरर' हा शब्द वरून खाली शोधायचा, पहिला सापडेल तो खरा, असा नियम केला. या सगळ्या प्रकरणात माझ्या हाती लागलेली ही एकच किल्ली, आणि ती माझ्याच खिशात होती.

कारण कळल्यावर उपाय साधा. ऑटोजेनमध्ये समांतर कामं चारवरून दोनवर आणली. सोळा जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी, केली. आणि डीबगसाठीची (दोष शोधायला लागणारी) चिन्हं सगळ्या कोडसाठी न ठेवता मला ज्यात डोकवायचं होतं त्या दोन विभागांपुरती ठेवली. ही चिन्हंच डिस्क आणि मेमरी दोन्ही खातात, विशेषतः शेवटी सगळे तुकडे जोडून लायब्ररी करताना. जोडणीसाठी नेहमीच्या लिंकरऐवजी एलएलडी सांगितला, तो थोडक्यात आवरतो.

सोमवारी पुन्हा सुरू केलं. मेकची चांगली गोष्ट म्हणजे ते गिट क्लोनसारखं रुसत नाही, झालेलं धरून ठेवतं आणि पुढे जातं. मंगळवारी पहाटे वीज गेली. बॅटरीनं आपली वीस मिनिटं इमानदारीनं दिली आणि लॅपटॉप बंद पडला. वीज आल्यावर मेक चालू केलं, ते दोन तास सुरळीत चाललं आणि एका लायब्ररीच्या जोडणीत अडकलं. लॉग वरून खाली वाचला. एका ऑब्जेक्ट फाइलीचं (कंपायलरनं बनवलेल्या तुकड्याचं) स्वरूप ओळखता येत नाही, असं लिंकर म्हणत होता. ती फाइल उघडून बघितली, म्हणजे बघायला काही नव्हतंच. शून्य बाइट. वीज गेली तेव्हा ती लिहिली जात होती. नाव कागदावर आलं, मजकूर आला नाही. मेकला फाइल दिसते, तारीख ताजी दिसते, म्हणजे काम झालं असा त्याचा समज. सरकारी दफ्तरात जावक क्रमांक पडला की पत्र गेलं, तसंच.

शून्य बाइटच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली शोधून उडवल्या, तीन निघाल्या. मेकनं त्या निमूटपणे पुन्हा बनवल्या. हा उपाय मला कुठे वाचायला मिळाला नाही, स्वतः काढला, आणि त्या दिवशी जेवण मला जरा जास्त गेलं.

एकूण चालू वेळ धरली तर पहिली पूर्ण बांधणी साडेचौदा तासांची झाली. दिवस किती गेले ते वेगळं. 'इन्स्टडीर' नावाच्या फोल्डरात 'प्रोग्राम', त्यात 'एसऑफिस'. ते चालवलं. जादा तपासण्यांमुळे उघडायला वेळ लागला, पण उघडलं. शीर्षकात नेहमीचं लिब्रेऑफिस नाही, 'लिब्रेऑफिसडेव्ह २५.२'. बाजारात तेव्हा २४.२ होतं, ऑगस्टमध्ये २४.८ यायचं होतं. मी त्याच्याही पुढच्या, अजून जन्माला न आलेल्या आवृत्तीसमोर बसलो होतो. या अवताराची स्वतःची सेटिंग्ज त्याच फोल्डरात राहतात, त्यामुळे संघाच्या कामाच्या लिब्रेऑफिसला धक्का लागत नाही, ही सोय कुणीतरी विचार करून ठेवलेली.

पहिली ओळ टाइप केली: 'दऱ्याखोऱ्यांतल्या तऱ्हा'. मराठी छपाईची परीक्षा घ्यायची असेल तर अर्ध्या र चा हा आडवा आकडा बघावा. नीट आला. अक्षरं जुळवायचं हे काम २०१७ च्या ५.३ पासून सगळीकडे हार्फबझ नावाची लायब्ररी करते. मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं, ते भाषेच्या जागी हिंदी ठेवून फॉन्टला शिव्या देतात.

आता आत काय बदलायचं? मला आधी नुसता जिवंत तारेला हात लावून बघायचा होता. कॅल्कमध्ये तारखेवरून वार लिहून येतो, तो शब्द कुठून येतो? 'मंगळवार' शोधला, कारण ळ असल्यानं तो हिंदीच्या फाइलीत सापडणार नाही. 'आय-एटीन-एन-पूल' नावाच्या विभागात (इंटरनॅशनलायझेशन या शब्दातला पहिला आय, शेवटचा एन आणि मधली अठरा अक्षरं, कंटाळ्याचा हाही एक प्रकार) प्रत्येक भाषेची एक एक्सएमएल फाइल आहे. मराठीची 'एमआर अंडरस्कोर आयएन'. त्यात वार, महिने, रुपयाचं चिन्ह, आकडे लिहायची पद्धत, सगळं.

मी 'मंगळवार' चा 'मंगळवार-मिरज' केला. मिरज जंक्शनसारखं. फक्त तेवढा विभाग पुन्हा बांधायला सांगितला. दोन मिनिटं. साडेचौदा तासांनंतर ही दोन मिनिटं मला लबाडी वाटली. कॅल्क उघडलं, एका खान्यात तारीख, खान्याची भाषा मराठी, स्वरूप चार डी, म्हणजे पूर्ण वार.

मंगळवार-मिरज.

हिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, "आणि बुधवार सांगली का?" पण नंतर फोनवर बहिणीला सांगताना ऐकलं, "हो ना, त्यांनी ते ऑफिसचं आतून बदललंय."

खरा पॅच मात्र वेगळा निवडला. नव्या माणसांसाठी लिब्रेऑफिसनं 'ईझी हॅक' नावाची कामं बाजूला काढून ठेवलेली असतात. त्यांतलं १४७०२१ क्रमांकाचं काम वाचून मी जुन्या मित्राला भेटल्यासारखा हसलो. ॲरेमध्ये, म्हणजे एकसारख्या घटकांच्या रांगेत, किती घटक आहेत ते मोजायला सी मध्ये आम्ही पूर्ण आकाराला एका घटकाच्या आकारानं भागायचो. लिब्रेऑफिसमध्ये त्या युक्तीचा एक मॅक्रो आहे, 'साल एन एलिमेंट्स'. आता सी प्लस प्लसच्या २०१७ च्या प्रमाणात 'स्टड साइझ' नावाची सोय आहे, तर मॅक्रो काढून ती वापरा, एवढंच काम. शेकडो ठिकाणी आहे, ज्यानं त्यानं थोडं थोडं करावं. मी एक फाइल घेतली. पाच ओळी बदलल्या. तो विभाग बांधला, त्याच्या चाचण्या चालवल्या, पास.

पाठवायची जागा म्हणजे गेरिट, जिथे आत घेण्याआधी पॅच तपासले जातात. तिथे खातं काढायचं, एसएसएचची (ओळख पटवणारी) किल्ली द्यायची, आणि कोडच्या फोल्डरातली 'लॉगेरिट' नावाची स्क्रिप्ट बाकीची जुळवाजुळव करते. शिवाय एकदाच एक ईमेल, की माझं आजवरचं आणि पुढचं योगदान तुम्ही एमपीएल दोन आणि एलजीपीएल तीन किंवा पुढच्या परवान्याखाली वापरू शकता. स्टँप पेपर नाही, साक्षीदार नाहीत. मला तर रुखरुख लागली.

पॅच गेला. जेनकिन्स नावाचं यंत्र तो वेगवेगळ्या प्रणालींवर बांधून बघतं, लिनक्स, विंडोज, मॅक. मी साडेचौदा तास घालवलेलं काम त्यानं चारपाच ठिकाणी करून काही तासांत हिरवी खूण दिली. आता माणसानं बघायचं. बरीच मंडळी युरोपातली, त्यांची दुपार म्हणजे आमची जेवणाची वेळ. रात्री साडेआठला उत्तर आलं. पाच ओळींबद्दल एक अक्षर नव्हतं. विचारलं होतं ते इतकंच, की 'एमआर-आयएन' फाइलीतला बदल हेतुपुरस्सर आहे का?

घास हातात राहिला. कमिट करताना, म्हणजे बदलाची नोंद करताना, मी 'बदललेलं सगळं घे' म्हणालो होतो. सगळ्यात मंगळवार-मिरजही आला होता. जेनकिन्सनं त्याला हिरवी खूण दिली होती. यंत्राला मंगळवारशी काय घेणं? त्या दूरच्या माणसाला देवनागरी वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण मोजणीच्या पॅचमध्ये मराठीची फाइल काय करते, हे त्याला खटकलं. त्याला खटकलं नसतं, तर नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत जिथे जिथे मराठी कॅल्क चालतं तिथे दर आठवड्याला एकदा मिरज आलं असतं.

घाईघाईनं वार पूर्ववत करून नवा कमिट पाठवला. तीही चूक. गेरिटमध्ये सुधारणा नवा कमिट म्हणून पाठवायची नसते, जुनाच 'अमेंड' करायचा असतो, म्हणजे त्यातली चेंज-आयडी तीच राहते आणि तो त्याच पॅचचा पुढचा संच ठरतो. मी नवा पाठवल्यामुळे माझ्या नावावर दोन बदल झाले: एक मंगळवार बिघडवणारा आणि दुसरा मंगळवार दुरुस्त करणारा. दुसरा सोडून दिला, पहिला अमेंड केला. मग संदेशाची पहिली ओळ सुधारायला सांगितली गेली, तिच्यात सुरुवातीला 'टीडीएफ हॅश' आणि काम क्रमांक हवा होता. तीही केली. रागावलं कुणीच नाही. आमच्या खात्यात अशा चुकीवर मेमो आला असता आणि मी उत्तरही इंग्रजीत दिलं असतं. इथं 'थँक्स फॉर द पॅच' लिहून आलं आणि तीन दिवसांनी तो आत गेला.

त्याच आनंदात ताजा कोड ओढला. मधल्या काळात जगानं एवढ्या फाइली बदलल्या होत्या की बांधणी पुन्हा साडेतीन तास चालली. त्यातही सीकॅशनं वाचवलं. एकदा बांधून झालेल्या फाइली ते जपून ठेवतं. पोळपाट तोवर कायमचा टेबलावर आला होता आणि आमच्या घरी नवा घेतला गेला.

एक चूक मात्र अजून सांगायची राहिली. ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त मी हौसेनं या नव्या अवतारात लिहायला घेतलं. पाऊण पान झाल्यावर तो एका जादा तपासणीवर अडला आणि तडक बंद पडला. तो त्याचा धर्मच आहे. शंका आली की थांबायचं, लपवाछपवी नाही. वर्गणी थकबाकीदारांची यादी मला पुन्हा लिहावी लागली, आणि सेक्रेटरींना उशिराचं कारण मी वीज गेली असं सांगितलं.

२५.२ ही आवृत्ती ६ फेब्रुवारी २०२५ ला बाहेर पडली. मी ती बांधली नाही, इतर लोकांसारखी उतरवून घेतली. फायबर जुळलेली होती. संघाच्या संगणकावर बसवली आणि पहिलं काम कॅल्क उघडायचं केलं. त्या दिवशीची तारीख टाकली, चार डी. गुरुवार. मग पुढची ११ फेब्रुवारी टाकली आणि एंटर दाबायच्या आधी क्षणभर थांबलो.

मंगळवार. नुसताच.